तेल, धूर आणि दोन ट्रिगर : ‘स्पाय हंटर’ची ओळख

‘स्पाय हंटर’च्या मशीनला मोटारीसारखं गोल स्टीअरिंग नव्हतं. त्या जागी विमानाच्या कॉकपिटमध्ये असतो तसा दोन मुठींचा दांडा होता. प्रत्येक मुठीच्या पुढच्या अंगाला तर्जनीखाली एक ट्रिगर, वरच्या टोकाला अंगठ्याखाली एक बटण, आणि दोन्ही मुठींच्या मधोमध आणखी एक बटण. बाजूला गिअरचा दांडा होता, त्याला ‘लो’ आणि ‘हाय’ अशा दोनच जागा. पायाखाली ॲक्सिलरेटर. हातात कोणतं हत्यार शिल्लक आहे ते सांगायला मशीनवर दिवे होते. हत्यार मिळालं की त्याचा दिवा लागे, संपलं की विझे. नाणं टाकून उभा राहिलेला मुलगा पहिली काही मिनिटं नुसता बोटांचा हिशेब जुळवत असे. कोणत्या बोटानं गोळी, कोणत्या अंगठ्यानं तेल, आणि हे सगळं सुरू असताना रस्त्यावरची नजर हलता कामा नये.

अमेरिकेतल्या बॅली मिडवे कंपनीनं हा आर्केड गेम 1983 साली बाजारात आणला. शर्यत आणि लढाई एकाच गाडीत बसवायचा प्रयत्न त्याआधीही झाला होता, नंतर तर शेकडो वेळा झाला. पण या जातीच्या खेळांबद्दल कुणाला एकाच मशीनपासून सुरुवात करायची असेल, तर ती इथूनच करावी. कारण गाडीला बंदूक लावली की चालवणाऱ्याचं काय होतं, हा प्रश्न या खेळानं मनापासून घेतला आणि त्याचं दिलेलं उत्तर आजही विचार करायला लावणारं आहे.

आधीची वाट थोडक्यात पाहायला हवी. अटारीचा ‘ग्रॅन ट्रॅक 10’ 1974 सालचा. स्टीअरिंग, पेडल, गिअर हे सगळं पार्लरमध्ये आलं ते तिथपासून. सेगाच्या ‘मोनॅको जीपी’नं 1979 मध्ये रस्ता वरून खाली सरकवला आणि गाडीकडे आकाशातून पाहायची सवय लावली. नामकोच्या ‘पोल पोझिशन’नं 1982 मध्ये कॅमेरा गाडीच्या मागे नेला, आणि शर्यतीचे खेळ म्हणजे असेच दिसणार, असं पुढची अनेक वर्षं ठरून गेलं. या सगळ्यांत वैरी एकच होता, तो म्हणजे घड्याळ.

लढाईची वाट वेगळी, आणि ती बरीच बदनाम. कॅलिफोर्नियातल्या एक्झिडी कंपनीनं 1976 साली ‘डेथ रेस’ काढला. पडद्यावर काठ्यांच्या आकृत्यांसारखे जीव पळत असत आणि त्यांना गाडीखाली चिरडलं की गुण मिळत. चिरडलेल्या जागी किंकाळीसह एक क्रूस उभा राही, आणि पुढे तोच गाडीच्या आड येई. कंपनी म्हणाली, ही माणसं नव्हेत, भुतं आहेत. पडद्याकडे पाहणाऱ्यांना मात्र ती माणसंच दिसली. वर्तमानपत्रांतून, टीव्हीवरून गदारोळ झाला. व्हिडिओ गेममधल्या हिंसेवरचा अमेरिकेतला पहिला मोठा वाद तो हाच. त्यानंतरचे गाड्यांचे खेळ जरा सौम्य झाले. नामकोच्या ‘रॅली-एक्स’मध्ये (1980) पाठलाग करणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर धूर सोडायची सोय होती, आणि तो धूर इंधन खात असे. डेटा ईस्टच्या ‘बम्प एन जम्प’मध्ये (1982) दुसऱ्या गाडीला धक्का देऊन रस्त्याबाहेर घालवता येई. या दोन्ही खेळांची अमेरिकेतली मशीनं मिडवेच्याच कारखान्यातून गेली. म्हणजे धूर आणि धक्का ही दोन्ही हत्यारं कंपनीच्या अंगणात आधीच पडलेली होती.

शिकागोच्या आसपास वाढलेली ही कंपनी तोवर ओळखली जाई ती मुख्यतः जपानी खेळांच्या परवान्यांसाठी. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणि ‘पॅकमॅन’ अमेरिकेत तिच्याच नावानं पोचले. पण 1982 मध्ये डिस्नेच्या चित्रपटावरून केलेल्या ‘ट्रॉन’नं तिच्या स्वतःच्या लोकांना नाव मिळवून दिलं. त्या कामात जॉर्ज गोमेझ हा तरुण होता. त्याचं शिक्षण आणि डोळा औद्योगिक डिझाइनचा, म्हणजे वस्तू हातात कशी बसेल याचा विचार आधी आणि पडद्यावर काय दिसेल याचा नंतर. ‘स्पाय हंटर’चा दांडा इतका नेमका का आहे, हे यावरून उमगतं.

गोमेझला कल्पना सुचली ती जेम्स बाँडच्या चित्रपटांमधल्या संगीताची कॅसेट ऐकताना. टॉम लिऑन या सहकाऱ्याबरोबर तो कामाला लागला. रस्ता कसा वळेल, कुठे फुटेल, कुठे पाण्याला लागेल, हे त्यांनी कागदाच्या एका लांबच लांब गुंडाळीवर काढलं. खेळात रस्ता वरून खाली न थांबता सरकत राहतो. टेबलावर तो त्याच रीतीनं उलगडत गेला असणार. आजच्या भाषेत याला ‘लेव्हल डिझाइन’ म्हणतात. तेव्हा ते पेन्सिलीचं आणि कागदाचं काम होतं.

मूळ बेत थेट बाँडवरच खेळ काढायचा होता. परवाना मिळाला नाही. पण खेळाच्या अंगात बाँड इतका मुरला होता की नाव काढून टाकल्यानं फारसं बिघडलं नाही. 1964 च्या ‘गोल्डफिंगर’मधली ॲस्टन मार्टिन आठवावी : पुढे मशीनगन, मागे धुराचा पडदा, रस्त्यावर सांडायला तेल, आणि शेजारच्या गाडीचे टायर फाडायला चाकातून निघणारी पाती. 1977 च्या ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’मधली पांढरी लोटस आठवावी : हेलिकॉप्टर मागे लागलं म्हणून थेट समुद्रात घुसणारी आणि पाण्याखाली पाणबुडी होणारी. ‘स्पाय हंटर’मध्ये हे सगळं आहे. गाडीचं नाव जी-6155 इंटरसेप्टर. रस्ता फुटतो तिथे योग्य फाटा पकडला की ती बोटहाउसमधून जाते आणि पलीकडे वेगवान बोट होऊन बाहेर पडते. पाती मात्र शत्रूच्या चाकांना दिली आहेत, आणि हा बदल हुशारीचा आहे. ज्या करामतीवर चित्रपटात टाळ्या पडत, तिचीच खेळात धास्ती वाटू लागते.

बाँडची धून हातची गेली तेव्हा तिच्या जागी हेन्री मॅन्सिनीची ‘पीटर गन’ आली. मॅन्सिनी म्हटलं की आपल्याकडे आधी ‘पिंक पँथर’ आठवतो. ‘पीटर गन’ ही त्याआधीची, ब्लेक एडवर्ड्सच्या 1958 मध्ये सुरू झालेल्या गुप्तहेर मालिकेची धून. तिच्या मूळ ध्वनिमुद्रणात पियानोवर जॉन विल्यम्स होता, तोच पुढे ‘जॉज’ आणि ‘स्टार वॉर्स’चं संगीत करणारा. मालिकेच्या संगीताच्या तबकडीला ग्रॅमी पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान मिळाला.

ही तडजोड होती, पण लाभली ती अशी की मूळ बेतच फिका वाटावा. बाँडच्या धुनेला चढउतार आहेत, ती एका क्षणाकडे नेते आणि संपते. ‘पीटर गन’च्या तळाशी खर्जातला एकच तुकडा आहे आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत न बदलता फिरत राहतो. ‘स्पाय हंटर’लाही शेवट नाही. रस्ता संपत नाही, फक्त शत्रू वाढत जातात आणि चुकायला जागा कमी होत जाते. न संपणाऱ्या रस्त्याला न संपणारा खर्ज मिळाला. त्यासाठी कंपनीनं खर्चही केला होता. खेळ चालवणारा मुख्य प्रोसेसर झेड-80 हा तेव्हाचा सर्रास वापरातला, स्वस्त. आणि आवाजाच्या एका स्वतंत्र बोर्डावर बसवलेला प्रोसेसर मात्र मोटोरोला 68000, जो जानेवारी 1984 मध्ये ॲपलच्या पहिल्या मॅकिंटॉशचा मेंदू म्हणून गाजला. गाणाऱ्या बोर्डाला खेळणाऱ्या बोर्डापेक्षा मोठा मेंदू, असं उदाहरण त्या काळात विरळाच.

खेळ सुरू होतो तो रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकपासून. ट्रकच्या मागून इंटरसेप्टर उतरते, ट्रक निघून जातो आणि कोपऱ्यातला आकडा 999 पासून खाली येऊ लागतो. तो शून्यावर पोचेपर्यंत कितीही गाड्या फुटल्या तरी नवी मिळते. नवशिक्याला पहिल्या नाण्यात हात बसवायला दिलेली ही सवलत. पार्लरचा मालक नाण्यांवर जगतो, त्याला खेळ लवकर संपायला हवा असतो; शिकणाऱ्याला वेळ हवा असतो. त्या आकड्यानं दोघांचंही भागवलं, आणि असा मान खेळाडूला देणारी मशीनं त्या काळी थोडीच होती.

मग शत्रू येतात, आणि त्यातला प्रत्येक जण वेगळा धडा घेऊन येतो. ‘रोड लॉर्ड’ नावाच्या गाडीला गोळी लागूच होत नाही. तिला बाजूनं रेटत रेटत रस्त्याबाहेर घालवावं लागतं. ‘स्विचब्लेड’च्या चाकातून पाती बाहेर येतात, तिच्या शेजारी रेंगाळलात तर टायर गेलाच. म्हणजे एकीला जवळ जाऊनच हरवता येतं आणि दुसरीच्या जवळ जाणं म्हणजे मरण. वरून पाहताना छोट्याशा दिसणाऱ्या या गाड्या रंगाआकारावरून निमिषात ओळखायच्या आणि अंतर ठरवायचं. ‘एन्फोर्सर’ हा लांबलचक लिमोझिनमधून बंदूक चालवतो. ‘मॅड बॉम्बर’ हे हेलिकॉप्टर डोक्यावर घिरट्या घालतं आणि त्याच्या बाँबनं रस्त्यात खड्डे पडतात. त्याला उतरवायला क्षेपणास्त्रच लागतं. मशीनगन तिथे कुचकामी. पाण्यात गेलं की पिंपं टाकणारी बोट आणि पाणतीर सोडणारी बोट. हिवाळ्याच्या टापूत रस्ता बर्फाळ होतो आणि सगळं शिकलेलं पुन्हा नव्यानं शिकावं लागतं.

मशीनगनच्या गोळ्या कधी संपत नाहीत. तेल, धूर आणि क्षेपणास्त्रं मात्र मोजकी, आणि ती मिळवायची म्हणजे पुन्हा ट्रक गाठायचा. ट्रक येतोय असा इशारा झाला की मधलं बटण दाबायचं, तो पुढे रस्त्यावर येतो, मग वेग सांभाळत, सरळ रेषेत, मागच्या फळीवरून गाडी त्याच्या पोटात घालायची. आजूबाजूला वाहतूक चालू असते, शत्रूही असतात, आणि त्या काही सेकंदांत बंदुकीचा काहीच उपयोग नसतो. चालत्या ट्रकमध्ये गाडी चढवण्याचं आकर्षण अमेरिकन प्रेक्षकाला ‘नाइट रायडर’ या 1982 मध्ये सुरू झालेल्या मालिकेनं लावलंच होतं. तिथे ते पाहायचं होतं, इथे करायचं होतं. ‘स्पाय हंटर’ खेळलेल्या माणसाला आज त्यातलं काय आठवतं असं विचारलं तर हेलिकॉप्टरच्या आधी हा लाल ट्रक आठवतो, आणि ते बरोबरच आहे. लढाईच्या खेळातला सर्वांत अवघड क्षण त्यांनी गोळीबाराला न देता चांगल्या ड्रायव्हिंगला दिला.

आता मुख्य गोष्ट. या रस्त्यावर साधी माणसंही आहेत. आपापल्या कामाला निघालेल्या गाड्या, मोटारसायकली. त्यांचा या हेरगिरीशी काही संबंध नाही, पण गोळी त्यांनाही लागते आणि धक्क्यानं त्याही रस्त्याबाहेर जातात. अशी एखादी गाडी खेळाडूच्या हातून गेली की गुणफलक थांबतो. जीव जात नाही, गाडी फुटत नाही, कुणी ओरडत नाही. फक्त काही वेळ गुण मिळणं बंद. एरवी या खेळात रस्त्यावर राहून नुसतं पुढे जाण्याचेही गुण मिळत असतात, वेग जास्त तर गुण जास्त. त्यामुळे आकडा सतत पळत असतो आणि खेळाडूला त्याची सवय झालेली असते. तो थांबला की लगेच जाणवतं. ही शिक्षा वरून लादलेली वाटत नाही. ज्या सुखासाठी माणूस तिथे उभा आहे तेच थोडा वेळ काढून घेतलं जातं.

याचा परिणाम हातावर होतो. ट्रिगर दाबून ठेवून सरळ पुढे जात राहावं, हा कोणत्याही गोळीबाराच्या खेळातला पहिला मोह. गोळ्या अमर्याद असल्यामुळे इथे तो आणखीच मोठा. पण तसं केलं की दोन-चार निरपराध गाड्या जातात आणि गुण गोठतात. म्हणून खेळाडू बोट उचलायला शिकतो. समोरची गाडी कोणती ते आधी पाहतो, मग ठरवतो. मुरलेला खेळाडू ओळखायचा तो गोळ्या झाडताना नव्हे, वाहतुकीतून वाट काढताना. ‘डेथ रेस’मध्ये जो जीव चिरडण्याचे गुण होते, त्याच्याच जागी सात वर्षांनी कुणीतरी वाहतुकीतला एक अनोळखी मोटारसायकलस्वार आणून ठेवला आणि त्याला जपायला लावलं. यामागे समाजाच्या टीकेची भीती होती, की बाँडच्या सभ्यपणाचा प्रभाव, की खेळ अधिक चुरशीचा करायची निखळ कारागिरी, हे ठरवत बसण्याची गरज नाही. खेळ त्यामुळे चांगला झाला, एवढं पडद्यासमोर उभं राहणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं.

तो आला त्या वर्षी अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदा कोसळत होता. अटारीनं न खपलेली काडतुसं ट्रकांत भरून न्यू मेक्सिकोतल्या ॲलमगॉर्डोच्या कचराभूमीत पुरली ती 1983 च्याच सप्टेंबरात. पार्लरची भरभराटही ओसरली होती. अशा वर्षी आलेलं मशीन लोकांच्या लक्षात राहतं, यातच त्याचं वजन दिसतं.

घरच्या यंत्रांवर त्याला आणणं मात्र जिकिरीचं होतं. अटारी 2600 च्या जॉयस्टिकला एक दांडा आणि एक बटण. मग त्या आवृत्तीच्या खोक्यात एक प्लास्टिकची बैठक घातली गेली, तिच्यात दोन जॉयस्टिक शेजारी शेजारी बसवायच्या आणि दोन्ही मिळून एकाच गाडीवर हुकूम चालवायचा. सनसॉफ्टनं 1987 मध्ये निन्टेन्डोच्या यंत्रासाठी काढलेल्या आवृत्तीत सगळा कारभार दोन बटणांवर आला. रस्ता तोच, धून तीच, पण तर्जनी आणि अंगठ्यांमधली ती वाटणी गेली. गोमेझचा दांडा हा खेळाचा भाग होता, त्याचं वेष्टन नव्हे, हे या आवृत्त्यांनीच दाखवून दिलं.

महाराष्ट्रातल्या अनेक घरांत नव्वदीच्या दशकात टीव्हीला जोडायची जी स्वस्त गेम-यंत्रं आली, त्यांच्या काडतुसांत याच कुळातला दुसरा एक खेळ हमखास सापडे, तो कोनामीचा ‘रोड फायटर’. वरून दिसणारा रस्ता, संपत येणारं इंधन, अंगावर येणाऱ्या गाड्या. ज्यांनी तो खेळला आहे त्यांना ‘स्पाय हंटर’ पहिल्या नजरेत ओळखीचा वाटेल. फरक पुढच्या मिनिटात कळेल : ‘रोड फायटर’मध्ये फक्त वाचायचं असतं, इथे कुणाला वाचवायचं आणि कुणाला नाही हेही ठरवायचं असतं.

बॅली मिडवेनं 1987 मध्ये ‘स्पाय हंटर 2’ काढला तेव्हा कॅमेरा गाडीच्या मागे नेला आणि पडदा दोन खेळाडूंसाठी विभागला. तो चालला नाही, आणि कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. वरून पाहताना मागून काय येतंय तेही दिसतं. तेल आणि धूर ही मागच्यासाठीचीच हत्यारं. नजर पुढे बांधली गेली की ती दोन्ही आंधळी होतात. ‘पोल पोझिशन’च्या चालीनं जायच्या नादात खेळाचा अर्धा रस्ताच गेला.

कुळ मात्र वाढलं. अटारीचा ‘रोडब्लास्टर्स’ (1987), ताइतोचा ‘चेस एचक्यू’ (1988), पुढे 1995 मध्ये प्लेस्टेशनवरचा ‘ट्विस्टेड मेटल’. खुद्द ‘स्पाय हंटर’चं नाव 2001 मध्ये प्लेस्टेशन 2 वर नव्या त्रिमितीय रूपात परतलं, 2006 च्या आवृत्तीत तर ड्वेन जॉन्सन नायक झाला. त्याला घेऊन चित्रपटही निघायचा होता. तो निघाला नाही. मिडवे 2009 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिची बहुतेक मालमत्ता वॉर्नर ब्रदर्सकडे आली. गोमेझ पिनबॉलकडे वळला, तिथे ‘मॉन्स्टर बॅश’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’सारखी टेबलं त्यानं घडवली.

या सगळ्या वंशजांत ‘स्पाय हंटर’शी सर्वांत बोलका सामना होतो तो अशा एका खेळाचा, ज्याला सहसा कुणी त्याच्या शेजारी ठेवत नाही. 1997 चा पहिला ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ही वरूनच दिसायचा. तशाच छोट्या गाड्या, तशीच वाहतूक, हातात बंदूक. तिथे पादचाऱ्याला गाडीखाली घेतलं की गुण वाढत, आणि ओळीनं चाललेल्या हरेकृष्ण भक्तांची सगळी रांग चिरडली तर खास बक्षीस मिळे. मागे पोलीस लागत, पण आकडा पळतच राहायचा. ‘डेथ रेस’चा हिशेब एकवीस वर्षांनी परत आला, आणि या वेळी त्यातून जगातल्या सर्वांत जास्त खपणाऱ्या मालिकांपैकी एक उभी राहिली. गाडी आणि बंदूक यांच्या खेळांचा इतिहास लिहिताना बहुतेक जण या दोन टोकांवर थांबतात, कारण वाद तिथे झाले. मधल्या जागेत 1983 चं एक मशीन आहे, ज्याच्या ट्रिगरखाली गोळ्या कधीच संपत नव्हत्या आणि तरीही ज्याच्यावर मोठा आकडा लावायचा तर ट्रिगरवरचं बोट वेळेवर उचलता यावं लागे. पुढच्या प्रकरणांत रस्त्यांची, शत्रूंची आणि यंत्राच्या आतल्या बोर्डांची तपशीलवार पाहणी आहे ती याच मशीनची.